सवच्या कुंडावर पुसलेल्या खुणा

अंगाला खाज सुटली ती मी जवळजवळ तीन आठवडे लपवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना लपवाछपवीला जागा राहणार नाही.

मी अंगणवाडी सेविका. नाव सुनंदा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर आमची वाडी आहे. तिथं बावीस वर्षं मी पोरांची वजनं घेतेय, गरोदर बायकांना गोळ्या देतेय आणि प्रत्येकीला दटावतेय की बाई, डॉक्टरपासून काही लपवू नका. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणतात ते हेच. घरात मी, हे आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून अक्का म्हणते. थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली, अक्कांना मूलबाळ नाही. माझी लेक प्राची नवऱ्याबरोबर पनवेलला असते.

गेल्या वर्षभराचं मला सलग आठवत नाही. पावसाळ्यात धुकं उतरलं की समोरची वाडी मधेच दिसते, मधेच नाहीशी होते, तसं झालंय. काही दिवस अगदी चहाच्या कपासकट आठवतात आणि काही आठवडेच्या आठवडे कुठं गेले ते कळत नाही. जे दिसतंय ते लिहिते.

●

पहिल्यांदा कॅन्सर झाला तेव्हा डावा स्तन काढला. त्याला तीन वर्षं झाली. मी बरी झाले होते, कामावर रुजू झाले होते, ब्लाऊजला एका बाजूनं घडी घालून शिवायची युक्तीही शोधून काढली होती. मग भादव्यात खोकला लागला. गौरी-गणपतीच्या आरत्या जरा जास्तच जोरात म्हटल्या, असं मी सगळ्यांना सांगत होते. महाडच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, उजेडाकडे धरला आणि मला न सांगता ह्यांना बाहेर बोलावलं. मी आतल्या बाकावर बसून राहिले. आत-बाहेर अशी वाटणी झाली की समजायचं, हे मला माहीत होतं.

मुंबईच्या हॉस्पिटलात आमच्या डॉक्टर म्हणजे प्राचीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी मुलगी. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. त्या म्हणाल्या, “फुफ्फुसात दोन गाठी आहेत आणि यकृतात एक.” त्यांच्या टेबलावर चहाचा कप होता. चहा निवत होता आणि वर साय धरत होती. त्या पुढं बरंच बोलल्या. मी सायीकडे बघत मनात म्हणत होते, बाई गं, आधी चहा पिऊन घे.

हे म्हणाले, “म्हंजे आता कापायचा नाय?”

“नाही काका. आता आजार एका जागी राहिलेला नाही.”

“मंग बरी कशी व्हायची ती?”

मॅडमनी कप बाजूला सरकवला. पूर्ण बरं करू असं मी सांगणार नाही, म्हणाल्या, पण थोपवून धरता येईल, कदाचित बराच काळ. मग समजावून सांगितलं. आपल्या शरीरात पहारेकरी असतात. कॅन्सर त्यांचे हात बांधून ठेवतो. एक औषध सलाइनमधून द्यायचं, ते पहारेकऱ्यांचे हात मोकळे करतं. त्याच्या जोडीला फुफ्फुसातल्या मोठ्या गाठीवर, फक्त तिच्यावर, नेम धरून किरण सोडायचे. ती फुटली की पहारेकऱ्यांना शत्रूची ओळख पटते आणि कधी कधी ते बाकीच्या गाठींवरही धावून जातात.

“कधी कधी,” त्या पुन्हा म्हणाल्या. “सगळ्यांच्या बाबतीत हे होत नाही. आम्हीही अजून शिकतोय.”

हे शेतकरी माणूस. म्हणाले, “म्हंजे राब.”

मॅडमना राब माहीत नव्हता. मग ह्यांनी त्यांना शिकवलं. शेताच्या एका तुकड्यावर झाडाच्या फांद्या, पाला, शेण पसरायचं आणि पेटवायचं. भाजलेल्या त्या जागी भाताची रोपं तरारून येतात आणि तीच उपटून साऱ्या खाचरांत लावायची. “भाजायचा येकच तुकडा. पन पिकतो सगला शेत,” हे म्हणाले. मॅडम पहिल्यांदा हसल्या.

बाहेर आल्यावर आम्ही जिन्याच्या पायरीवर बसलो. हे म्हणाले, “तू शिकलेली हायस. तुला सगला समजला ना?” मी हो म्हटलं. मला काहीच समजलं नव्हतं. मला भीती वाटत होती. मरणाची भीती म्हणजे नेमकी कसली, ते त्या पायरीवर कळलं. मी नसेन आणि आमच्या अंगणवाडीतल्या काट्यावर दुसरीच कुणी पोर ठेवत असेल, आणि पोर तिच्याकडे बघून हसत असेल. मला ती बाई दिसली. मला तिचा भयंकर राग आला.

●

दर तीन आठवड्यांनी सलाइन. आदल्या दिवशी एसटीनं पनवेल, प्राचीकडे मुक्काम, पहाटे हॉस्पिटल. रक्त द्या, थांबा, वजन करा, थांबा. वजन करायला सिस्टर ‘चपला काढा’ म्हणायची तेव्हा मला मजा वाटायची. बावीस वर्षं मी लोकांना चपला काढायला लावल्या, आता फेड चालली होती. मग आरामखुर्ची, हातात सुई. नव्या औषधाबरोबर थोडं केमोही असायचं, त्यानं केस गेले आणि तोंडाची चव गेली.

सलाइनचा थेंब बघत राहिलं की डोळे मिटायचे. दर वेळी तेच स्वप्न पडायचं. मी सावित्री नदीच्या पाण्यात उताणी तरंगतेय. मला पोहता येत नाही, पण स्वप्नात त्याची काही अडचण नव्हती. पाणी कोमट असायचं, वर आभाळ पांढरं, आणि काठावरून कुणीतरी माझं वजन वाचून दाखवायचं. दर वेळी आकडा कमी. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. उलट वाटायचं, बरं झालं, हलकी झाले. सिस्टर खांदा हलवून उठवायची तेव्हा जागं होणं नकोसं व्हायचं.

शेजारच्या खुर्चीत साताऱ्याकडच्या एक शिक्षिका असायच्या. आम्ही लिंबाच्या गोळ्या वाटून घ्यायचो. एकदा त्यांनी बाही वर करून लाल चट्टे दाखवले. त्यांचं औषध बंद झालं आणि पुढच्या वेळी त्या आल्याच नाहीत. त्यांचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायचं धाडस नव्हतं. मी माझ्या मनाशी गाठ मारून ठेवली की चट्टे आले की औषध बंद, आणि औषध बंद झालं की आपण संपलो.

चौथ्या सलाइननंतर दोन दिवसांत माझ्या पाठीला खाज सुटली.

●

किरणांच्या आधी मापं घेतात. त्या दिवशी मला एका पिशवीसारख्या गादीत निजवलं. तिच्यातली हवा ओढून घेतली तशी ती माझ्या अंगाभोवती घट्ट झाली. तंत्रज्ञ मुलगी गोड होती. तिनं जांभळ्या शाईनं माझ्या छातीवर, दोन्ही कुशींवर रेघा आणि फुल्या काढल्या, वर पारदर्शक पट्ट्या चिकटवल्या. म्हणाली, “ताई, मशीन या खुणांवरून नेम धरणार. उपचार सुरू व्हायला दहा दिवस आहेत. तोवर या पुसू द्यायच्या नाहीत. इथं साबण नको, तेल नको, चोळायचं तर अजिबात नाही. बाकी अंग ओल्या फडक्यानं पुसा.”

मग विचारलं, “अंगावर कुठं पुरळ, खाज?”

मी उताणी होते. पुरळ पाठीवर होतं आणि गादीच्या आत आग होत होती. “नाही,” मी म्हणाले. तिनं कागदावर तसं लिहून घेतलं.

●

त्या दहा दिवसांसाठी मी गावी आले. पौष महिना. हे सकाळीच राबासाठी फांद्या तोडायला रानात जायचे. मी पडवीत उन्हाला बसायची आणि कुणी बघत नसलं की दाराच्या चौकटीला पाठ घासायची.

अक्कांना लिहिता-वाचता येत नाही. पण वाडीत कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते त्या वासावरून सांगतात. त्यांच्यापासून किती दिवस लपणार?

“काय गो, म्हस झालीस काय?” म्हणत त्या मागून आल्या आणि पदर बाजूला केला. “आगो बया. ह्ये काय उठलाय?”

“औषधानं झालंय.”

“डाकतरनीला सांगितलास?”

“नाही. सांगितलं तर औषध बंद करतील, अक्का. आमच्यातल्या एकीचं केलं.”

अक्का माझ्या शेजारी बसल्या. मला वाटलं, आता ओरडतील. पण त्याही माझ्यासारख्याच घाबरल्या होत्या. औषध म्हणजे माझा जीव, एवढं त्यांनाही कळत होतं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “मंग सवला जाव.”

अक्कांचं माहेर तुडील. त्या बाजूची माणसं खरूज असो, नायटा असो, अंगावर काही उठलं की सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर जातात. अक्का लहानपणी गेलेल्या, त्यांची आई गेलेली. मी अंगणवाडीत बायकांना सांगत आलेय की अंगावर काही उठलं तर आधी दवाखान्यात जा, मग कुठं जायचं तिथं जा. तरी मी अक्कांना एवढंच म्हणाले, “समोरच्या खुणांना पाणी लागायला नको. पाठ तेवढी.”

“पाठ तेवढीच,” त्या म्हणाल्या.

ह्यांना सांगितलं, महाडला बाजाराला जातोय. महाडहून मिनिडोर रिक्षा केली. सवला पोचलो तेव्हा ऊन नुकतंच आलं होतं. कुंडावरून वाफ निघत होती आणि ती नदीकडे हळूहळू सरकत होती. दोन बायका अंघोळ आटपून केस पुसत होत्या, त्या निघून गेल्या. अक्कांनी आडोशाला एक जुनं लुगडं बांधलं, मला दगडावर बसवलं आणि बादलीतून तांब्यानं पाठीवर पाणी ओतायला सुरुवात केली.

काय सांगू. तीन आठवड्यांची आग पाण्याबरोबर खाली उतरत गेली. पाण्याला गंधकाचा वास होता. वाफेत समोरचं काही दिसत नव्हतं. अक्का ओतत होत्या आणि तळव्यानं पाठ चोळत होत्या, ओतत होत्या आणि चोळत होत्या. मला गुंगी आली. मी पुन्हा नदीत तरंगायला लागले. या वेळी काठावर वजन वाचणारं कुणी नव्हतं.

मग त्यांचा हात खांद्यावरून पुढं आला. जिथं स्तन होता आणि आता आडवा वण आहे, तिथं. सवयीनं आला असेल, लहान मुलाला न्हाऊ घालताना येतो तसा. मला तो कळला. मी जागी होते, हे मी कबूल करते. मी ‘अक्का, नको’ म्हणू शकले असते. पण त्या जागेला डॉक्टरांखेरीज तीन वर्षांत कुणी हात लावला नव्हता. हे लाजतात, घाबरतात. मी स्वतः अंघोळ करताना तिकडे बघत नाही. आणि अक्कांचा हात तिथून असा गेला की जणू तिथं काही वेगळं नाहीच, माझंच अंग आहे. मी डोळे मिटून बसून राहिले. मला रडू आलं आणि पाण्यात ते दिसलं नाही.

“ह्ये काय गो?” अक्का म्हणाल्या.

त्यांच्या तळहाताला पारदर्शक पट्टी चिकटली होती. माझ्या पोटावरून जांभळं पाणी ओघळून दगडावर जात होतं.

●

घरी आल्यावर मी आरशात पाहिलं. एका कुशीवर अर्धी फुली उरली होती. बॉलपेननं पुन्हा काढावी का, असाही विचार मनात आला. खरंच आला. पेन हातात घेऊन मी आरशासमोर उभी होते. मग माझीच मला लाज वाटली आणि मी प्राचीला फोन केला.

प्राची आधी माझ्यावर ओरडली. मग म्हणाली, “मोठी आईला दे.” अक्कांना ती लहानपणापासून मोठी आई म्हणते, त्यांच्याच मांडीवर वाढली. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं. “मोठी आई, तुला काही कळतं का? तू माझ्या आईचा जीव घेशील.”

अक्कांनी “बरां” म्हटलं आणि फोन माझ्या हातात दिला. चुलीकडे गेल्या. मी प्राचीला म्हणाले, “त्यांना का बोललीस? मी गेले होते ना?” पण बोललेलं काही मागे घेता येत नाही.

हॉस्पिटलात मॅडमनी विचारलं, “खुणा पुसल्या कशा?”

“सवच्या कुंडावर अंघोळ केली.”

“का?”

“खाज सुटली होती.”

“कसली खाज?”

एकेक करून सगळं बाहेर आलं. मॅडमनी मला पाठमोरी केलं, उजेडात नीट बघितलं. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. म्हणाल्या, “हे त्या औषधानंच झालंय. मोकळे झालेले पहारेकरी कधी कधी आपल्याच घराची कौलं फोडतात. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मलमावर भागलं असतं. अजून आठ-दहा दिवस अंगावर काढलं असतं, तर मला औषध कायमचं थांबवावं लागलं असतं.”

“म्हणजे आता बंद नाही?”

“नाही. गोळ्या देते. एक सलाइन पुढं ढकलू. तुमच्या शेजारच्या बाईंचं कारण वेगळं होतं. प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून तर सांगायचं असतं.” मग त्या खुर्चीत बसल्या. “आणि खुणा पुसल्या नसत्या तर आजही तुम्ही मला सांगितलं नसतं. हो ना?”

मी मान खाली घातली. बायकांना औषधं देताना मी अशीच विचारते आणि त्या अशाच मान खाली घालतात.

मापं पुन्हा घ्यायची, सगळी आखणी पुन्हा करायची. दोन आठवडे गेले. मी विचारलं, “तेवढ्यात गाठी वाढतील का?”

“माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी खोटा धीर दिला नाही याचं मला तेव्हा वाईट वाटलं. आता वाटत नाही.

●

किरण पाच वेळा घेतले, एक दिवसाआड. खोली गार होती. त्या गादीत निजवायचे, दार लागायचं आणि मी एकटी उरायची. दुखत काहीच नाही. मशीन माझ्याभोवती सावकाश फिरायचं आणि थोड्या वेळानं वाटायचं की ते थांबलंय, मीच फिरतेय. भिंतीतून आवाज यायचा, “ताई, श्वास धरा.” श्वास धरला की मी अंगणवाडीच्या पटावरची नावं म्हणायची. आर्या, साई, स्वरा, रुद्र, दुर्वा. बहुतेक अकराव्या-बाराव्या नावाला “सोडा” यायचं. पट पंधराचा आहे. शेवटची तीन-चार मुलं राहून जायची, म्हणून पुढच्या श्वासाला मी त्यांच्यापासून सुरुवात करायची.

पाचव्या दिवशी तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, “संपलं, ताई. आता खुशाल चोळून अंघोळ करा.” आम्ही दोघी हसलो. तिच्यापर्यंत सगळी गोष्ट पोचलेली होती.

त्यानंतर थकवा आला. तो शब्द अपुरा आहे. जेवताना घास हातात असताना मी झोपी जायची.

●

गावी आले तर घरात सगळं जिथल्या तिथं होतं. नाचणीची पेज वेळेवर, गरम पाणी वेळेवर, गोळ्यांचा डबा उशाशी. पण अक्का माझ्या जवळ येईनात. ताट खाटेच्या कडेला ठेवायच्या आणि मागे सरायच्या. ऑपरेशनपासून माझा डावा हात मागे जात नाही, ब्लाऊजचे हूक रोज त्याच लावायच्या. आता त्यांनी शेजारच्या सुनेला सांगून ठेवलं होतं. ती सकाळी येऊन हूक लावून जायची.

मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, “तिच्या मनानं घेतलान. म्हनते, माज्या हाताला येश नाय. तुला हात लावायची नाय म्हनते.”

“तुम्ही समजवा की.”

“माजा ऐकलान हाय कदी तिनं?”

मी स्वतः बोलून बघितलं. “अक्का, मी जागी होते. मी तुम्हाला थांबवलं नाही. चूक माझी आहे.”

अक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. “रिपोट येवदे,” एवढंच म्हणाल्या.

मला त्यांचा रागही आला. आजारी मी, मरायला टेकलेली मी, आणि समजूतही मीच घालायची? दोन दिवस मीही अबोला धरला. पण एका घरात दोन बायकांनी अबोला धरला की ह्यांचे हाल होतात, म्हणून सोडला. पुरळ गोळ्यांनी गेलं, सलाइन पुन्हा सुरू झालं. स्वप्नातली नदी आता यायची नाही. त्या खुर्चीत मी नुसतीच झोपायची आणि जाग आली की पहिला विचार यायचा तो त्या दोन आठवड्यांचा. त्या दिवसांत गाठ वाढली असेल, तर मी मरेन हे एक झालं. पण अक्का उरलेलं आयुष्य तो हात घेऊन कशा जगतील, हे मला त्याहून सोसवत नव्हतं.

●

तपासणीनंतर मॅडमनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. आधीचं चित्र डावीकडे, आताचं उजवीकडे. किरण दिलेल्या गाठीच्या जागी नुसता वण होता. फुफ्फुसातली दुसरी लहान झाली होती. मग त्यांनी यकृत दाखवलं. तिथं किरण गेलेच नव्हते. तिथला डागही मला, माझ्यासारखीला, ओळखू येईल एवढा लहान झाला होता.

“गेला का?” मी विचारलं.

“नाही. औषध चालू ठेवायचं, तपासण्या चालू ठेवायच्या. पुढचं मी सांगू शकत नाही. पण आत्ता तो मागे सरतोय.”

ह्यांनी रुमाल काढला आणि बराच वेळ नाक पुसत बसले. मी म्हणाले, “मॅडम, ते दोन आठवडे.”

त्यांना लगेच समजलं. “त्यांचं नुकसान दिसत तरी नाही. मला विचाराल तर, त्या अंघोळीनं तुमची खाज उघडी पाडली, म्हणून आज औषध चालू आहे. हे इतर कुणाला सांगू नका, नाहीतर सगळे कुंडावर जाऊन बसतील.”

मी सांगतेय, पण कुंडावर बसू नका. काही उठलं, धाप लागली, पोट बिघडलं, तर त्याच दिवशी फोन करा. औषध बंद होईल या भीतीनं माझं औषध बंद व्हायला आलं होतं.

बाहेर आल्यावर प्राची माझ्या गळ्यात पडून रडली. मग म्हणाली, “मोठी आईला सांग, मी शिमग्याला येतेय. चार दिवस राहणारेय.” हे म्हणाले, “चला, येष्टी चुकंल.”

अक्कांना मी फोनवर सांगितलं नाही. फोनवर त्यांनी “बरां” म्हणून ठेवून दिलं असतं.

वाडीच्या खाली रस्त्यावर उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. तिथून घरापर्यंत दगडी पाखाडी आहे, चांगली चढाची. हे पिशवी घेऊन पुढं गेले. मी खालच्या पायरीवर टेकले. वरून अक्का येताना दिसल्या. ह्यांच्याशी वाटेत थांबल्या नाहीत, त्यांच्या तोंडाकडे बघितलंही नाही. माझ्यापासून दोन पायऱ्या वर उभ्या राहिल्या.

“जेवलीस काय?”

“जेवले.” मग मी सांगितलं. जिथं किरण दिले ते, जिथं दिले नाहीत ते. गेलं नाही पण मागे सरतंय, तेही.

अक्का ऐकत होत्या. “मंग त्या पान्यानं काय...”

“काही झालं नाही, अक्का. मॅडम म्हणाल्या, उलट त्यानंच वाचले.”

मी उजवा हात पुढं केला. “मला चढवत नाही. धरा.”

अक्कांनी आपला हात पदराला पुसला. कोरडाच होता, तरी पुन्हा एकदा पुसला. मग खाली उतरून आल्या आणि माझा हात धरला.

आम्ही सावकाश वर आलो. वाटेत दोनदा थांबलो. एकदा मी दमले म्हणून आणि एकदा त्या रडल्या म्हणून.